फिरवून पाहू नका

(सदर: तुमचे प्रश्न, छोटी विमानं)

दिवाळीची सुट्टी संपली की पंधरा दिवसांत माझ्याकडे वाळूची पत्रं यायला लागतात. माणसं कोकणात जातात, पोरांच्या हट्टाने डिकीत रिमोटचं छोटं विमान टाकलेलं असतं, समुद्र दिसला की ते बाहेर निघतं, आणि घरी परतल्यावर मला पत्र. यंदा मोटारीत वाळू किंवा धूळ गेल्याची नऊ पत्रं आली. त्यातली सहा घेतली आहेत. उरलेल्या तिघांना आपापलं उत्तर यातच सापडेल.

नव्या वाचकांसाठी सांगतो, मिरजेत ३१ वर्षं माझं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी, पिठाच्या गिरण्या, बोअरचे पाणबुडी पंप, लग्नसराईत मिक्सर. विमानं उडवायला लागलो ते पन्नाशी उलटल्यावर. तेव्हा पंखाच्या आकाराबद्दल मला फार विचारू नका. तांबं, वार्निश आणि बेअरिंगबद्दल मात्र मध्यरात्री उठवून विचारलंत तरी चालेल.

प्रश्न : मी बारावीत आहे. दिवाळीत मांडवीच्या समुद्रावर फोमचं विमान उडवलं. उतरताना नाक वाळूत घुसलं. मोटार २२१२, १००० केव्हीची. घरी येऊन फिरवून पाहिली तर करकर आवाज येतो. सायकलच्या पंपाने हवा मारली, मग ओळखीच्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरनेही मारली. पांढरी वाळू उडाली, पण आत काळी भुकटी तशीच चिकटून आहे. मोटार फेकून द्यायची का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : फेकू नकोस. आधी मला एक सांग, ‘फिरवून पाहिली’ म्हणजे हाताने, की बॅटरी लावून? ते तू लिहिलेलं नाहीस, आणि अशा पत्रांत जे लिहिलेलं नसतं तेच बहुतेक वेळा झालेलं असतं. वाळू आत गेली म्हणून मोटार मरत नाही. वाळू आत असताना फिरवली म्हणून मरते.

हिशोब बघ. तुझी मोटार बाहेरची वाटी फिरणारी आहे, तिला आउटरनर म्हणतात. मधे तांब्याची तार गुंडाळलेले १२ दात, ते जागचे हलत नाहीत. त्यांच्याभोवती वाटी, आणि वाटीच्या आतल्या अंगाला चिकटवलेली १४ चुंबकं. दात आणि चुंबक यांच्यात फट किती? पाव मिलिमीटरच्या आसपास. वहीची दोन-तीन पानं जेमतेम सरकतील एवढी. समुद्रावरच्या बारीक वाळूचा कणही साधारण त्याच मापाचा. आता तीन सेलची बॅटरी म्हणजे ११.१ व्होल्ट, मोटार १००० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे. नाकावरचा पंखा नसताना झाले मिनिटाला अकरा हजार. जात्यात खडा आला की माझी आजी खुंटा धरून जातं तिथल्या तिथे थांबवायची. ती मिनिटाला वीस फेरेसुद्धा घेत नसेल.

वाळूतली गारगोटी तारेवरच्या मुलाम्यापेक्षा कितीतरी कठीण. मुलामा खरवडला की शेजारच्या दोन तारा एकमेकींना टेकतात, तिथे तापतं, मग आणखी मुलामा जळतो. त्याच वेळी मोटार कणामुळे अडखळत असेल तर तुझा ईएससी, म्हणजे बॅटरी आणि मोटार यांच्यामधला वेग सांभाळणारा बोर्ड, बिचारा तिला ढकलायला आणखी अँपिअर सोडत राहतो आणि तोही जातो. जळक्या वार्निशचा तो वास मी ३१ वर्षं घेतलाय. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून आशा आहे.

आता काळी भुकटी. तू मांडवीला गेलास, म्हणजे काळ्या समुद्रावर. रत्नदुर्गाच्या पलीकडे पांढऱ्या समुद्रावर गेला असतास तर निम्मं काम वाचलं असतं. तुमच्याकडच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियम यांचं खनिज, आणि त्याच्या सोबतीला मॅग्नेटाइट. सह्याद्रीच्या काळ्या दगडातून झिजून नद्यांनी खाली आणलेलं. मॅग्नेटाइट चुंबकाला लोखंडाच्या किसासारखं चिकटतं. इल्मेनाइट तेवढं चिकटत नाही, पण मोटारीतलं निओडिमियमचं चुंबक असं जोरकस असतं की ते त्यालाही सोडत नाही. म्हणून पांढरी उडाली आणि काळी राहिली. आणखी हवा मारलीस तर ती या चुंबकावरून त्या चुंबकावर जाईल, नाहीतर थेट बेअरिंगमध्ये घुसेल. तेव्हा गॅरेजवाल्याला नमस्कार सांग आणि कॉम्प्रेसर बंद कर.

मोटार उघडावी लागेल. पंखा काढ, बॅटरी दुसऱ्या खोलीत ठेव. टेबलावर पांढरा कपडा अंथर, म्हणजे काय पडलं ते दिसेल. शाफ्टच्या मागच्या टोकाला एक चिमुकली सर्कलिप, म्हणजे शाफ्ट अडकवून ठेवणारी कडी, असते (काही मोटारींत तिच्याऐवजी स्क्रू असतो). ती काढताना हात आणि मोटार दोन्ही पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून काढ. ती उडते, आणि एकदा उडाली की घरातल्या कुणालाही सापडत नाही. माझी एक २०१४ सालापासून सापडलेली नाही. सर्कलिपखाली पातळ वॉशर असतात, ते मोजून, त्याच क्रमाने ठेव. मग वाटी सरळ ओढायची. चुंबकं आधी सोडणारच नाहीत आणि सोडतील तेव्हा एकदम सोडतील. वाकडी ओढलीस तर चुंबकाची कड दातांवर घासेल.

काळी लव काढायला लहान मुलांची खेळायची माती घे, ती रंगीत, न वाळणारी. गोळा दाबायचा, उचलायचा, दुमडून स्वच्छ बाजू वर आणायची, पुन्हा दाबायचा. चाळीसएक वेळा करावं लागेल, कंटाळू नकोस. पहिल्या वेळी माझ्याकडे माती नव्हती, तेव्हा बायकोने कणकेचा गोळा हातात दिला होता. काम करतो तो, खोटं कशाला बोलू. पण कणीक ओली, शिवाय तिच्यात मीठ. चुंबकावरचा निकेलचा मुलामा कुठे खरवडला असेल तर तिथून गंज धरतो, आणि गंजलेलं चुंबक फुगून ती पाव मिलिमीटरची फट आपणच खाऊन टाकतं. चुंबकांमधल्या सांदींत लाकडी टूथपिक घाल. स्टीलची सुई नको, ती चुंबक तुझ्या हातातून हिसकावून घेईल. तारांच्या बाजूला जुना मऊ टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांतलं काहीही नाही. चुंबकं ज्याने चिकटवली आहेत तो गोंद आणि तारेवरचं वार्निश, दोन्ही त्यांच्याने मऊ पडू शकतात.

वाटी परत बसवण्याआधी टूथपिकने बेअरिंगचं आतलं कडं फिरवून बघ. किरकिर लागली तर बेअरिंग बदलायचं, त्याबद्दल पुढे लिहिलंय. वाटी बसवल्यावर मोटारीच्या तिन्ही वायरी एकमेकींपासून सुट्या ठेव आणि हाताने फिरव. बोटांना बारीक, सारखी कटकट जाणवेल. ती चुंबकांची लय, ती हवीच. मधूनच ‘खर्र’ झालं तर कण राहिलाय, पुन्हा उघड. आणि वायरी सुट्या असतानाही कुणीतरी मागे धरून ठेवल्यासारखी जड फिरली, तर आत तारा शॉर्ट झाल्या असं समज. जड म्हणजे किती जड, ते कळायला एखादी चांगली मोटार घे, तिच्या तिन्ही वायरींची टोकं एकत्र टेकव आणि फिरव. तो जडपणा एकदा बोटांत बसला की मीटर लागत नाही.

अजून एक. रत्नागिरीला विमानतळ आहे. पुढच्या वेळी उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघून जागा ठरव.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. गुहागरला त्याचं विमान पाण्यात पडलं आणि लाटेने वाळूत आणून टाकलं. मोटार वाळूने गच्च भरली होती. तो रडत बसला, म्हणून मी मोटार सोडवून घेतली आणि लॉजच्या बेसिनमध्ये नळाखाली धरून खळखळून धुतली. आता तो सगळ्यांना सांगतो की आईने मोटार मारली. विजेच्या वस्तूला पाणी लावू नये एवढं मलाही कळतं, पण त्या वेळी सुचलं ते केलं. खरंच चूक झाली का?
— एक आई, विटा

उत्तर : ताई, हे पान चिरंजीवांना मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही केलंत तेच बरोबर होतं, आणि मी तिथे असतो तर मीही तेच केलं असतं.

या मोटारीत कार्बन ब्रश नाहीत, आत कसलंही सर्किट नाही. तांब्याची तार आहे, तिच्यावर मुलामा आहे, पोलादाच्या पातळ चकत्या आहेत, चुंबकं आहेत आणि दोन बेअरिंगं आहेत. गोड्या पाण्याचं यातल्या कुणाशी तासाभरात वैर होत नाही. वैर आहे समुद्राच्या पाण्याशी. त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी उडून जातं, मीठ राहतं, ते हवेतला ओलावा ओढत बसतं आणि आठवड्यात बेअरिंगच्या गोळ्या गंजतात. तुम्ही ते मीठ वाळायच्या आत काढलंत. वाळूही गेली. वाळू पाण्याबरोबर आली होती, पाण्याबरोबरच गेली.

२०१९ च्या महापुरानंतर माझ्या दुकानासमोर बुडालेल्या मोटारींची रांग लागली होती. कृष्णेचा गाळ भरलेला, काहींत मेलेले मासे. ज्या लोकांनी मोटार जशीच्या तशी आणून टाकली, त्यांच्या बहुतेक वाचल्या. गोड्या पाण्याने धुतल्या, दोन-तीन दिवस बल्बच्या उबेत वाळवल्या, मेगर (तारेवरचा मुलामा शाबूत आहे का ते तपासायचं यंत्र) लावला, बेअरिंगं बदलली, झालं. ज्यांनी घरी ‘चालते का बघू’ म्हणून स्टार्टर दाबला, त्यांच्या मोटारींचं तांबं मी किलोवर विकलं. तुमच्या नळाने काही बिघडलेलं नाही. बिघडलंच असेल तर ते त्यानंतर कुणीतरी बॅटरी लावून बिघडवलं असेल. त्याबद्दल चिरंजीवांना विचारा, आणि विचारताना त्याच्या तोंडाकडे बघा.

आता राहिलेलं काम. मोटार अल्कोहोलमध्ये एकदा बुडवून काढा, सांदीतलं पाणी त्याच्याबरोबर उडून जाईल. या वेळी गॅस, निरांजन, उदबत्ती काही जवळ नको. मग दोन दिवस पंख्याखाली. तव्यावर, गॅसवर किंवा हेअर ड्रायर तासभर रोखून वाळवायची नाही, चुंबकांना तेवढी उष्णता सोसत नाही. वाळल्यावर दोन्ही बेअरिंगांत शिलाई मशीनचं तेल एकेक थेंब. टूथपिकच्या टोकावर घेऊन सोडा, कुपीतून नको. जास्तीचं तेल पुसून घ्या, नाहीतर तेच पुढच्या धुळीला आमंत्रण.

विमानातली बॅटरीही समुद्रात गेली असेल, तर ती कितीही बरी दिसली तरी चार्ज करू नका. घरात ठेवू नका, बाहेर फरशीवर, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. यात हयगय नको. ईएससी आणि रिसीव्हर खाऱ्या पाण्यातून वाचले तर नशीब समजा.

प्रश्न : मूळचा नाशिकचा, नोकरीनिमित्त जोधपूरला आहे. इथली रेती सगळीकडे घुसते. मी विमानाच्या नाकावरच्या काउलची, म्हणजे मोटारीवरच्या झाकणाची, हवेची भोकं स्पंजने बंद केली. रेती थांबली, पण आता मोटार पाच-सहा मिनिटांत हात लावता येत नाही इतकी तापते. स्पंज पातळ करू, की स्टॉकिंगचं कापड लावू? आणि तारांना वार्निशचा जाड थर दिला तर रेतीपासून बचाव होईल का?
— एक इंजिनिअर, जोधपूर

उत्तर : स्पंज आजच काढा. तुम्ही मोटारीला वाळूपासून वाचवून उष्णतेच्या तोंडी दिलंत. साध्या प्रतीची निओडिमियमची चुंबकं ८० अंश सेल्सिअसपर्यंतच भरवशाची असतात. त्याच्या वर गेली की जोर कमी होतो, आणि थंड झाल्यावर तो सगळा परत येत नाही. मग गंमत बघा. चुंबक अशक्त झालं की मोटार दमत नाही, उलट जास्त वेगाने पळायला बघते, त्यासाठी जास्त अँपिअर ओढते, आणखी तापते, चुंबक आणखी अशक्त होतं. वॉटमीटर असेल तर त्याच पंख्यावर, तेवढ्याच चार्ज केलेल्या बॅटरीवर आकडा पूर्वीपेक्षा किती चढलाय ते बघा.

स्टॉकिंगच्या कापडाचा एक पदर स्पंजपेक्षा बरा. त्याने वाळूचे कण अडतात, पीठधूळ अडत नाही. लावायचा असेल तर काउलला हवा बाहेर जायचं भोक आत यायच्या भोकापेक्षा मोठं करा, आणि दर दोन उड्डाणांनी कापड झटका. पोटाकडून हवा घेणारं भोक असेल तर ते बुजवून वरच्या अंगाला नवं पाडा.

पण खरं सांगू? तुमची लढाई चुकीच्या जागी चाललीय. आंधीचा दिवस सोडला तर तीस मीटरवर मोटारीत वाळू कुठून येणार? ती येते जमिनीवर. पंख्याचं टोक जमिनीजवळ फिरायला लागलं की खालची रेती वर उचलतं, आणि पंख्याचा वारा ती थेट मोटारीच्या तोंडावर फेकतो. म्हणून रेतीत चाकांवर पळवत नेणं बंद करा. हातातून सोडा. हातातून सुटण्याइतकं हलकं नसेल तर जाड ताडपत्री अंथरा, चार-पाच मीटर लांब, कोपऱ्यांना खिळे ठोकून, आणि तिच्यावरून उडवा. ताडपत्री झाडून मगच विमान ठेवायचं. उतरताना जमिनीपासून पुरुषभर उंचीवर आल्यावर थ्रॉटल पूर्ण बंद, आणि ईएससीमध्ये ब्रेक चालू करून ठेवा म्हणजे पंखा हवेने फिरत राहत नाही. ट्रान्समीटरवर थ्रॉटल कापणारी एक कळ नेमून घ्या. विमान आडवं पडल्यावर ते उचलायला धावताना अंगठा थ्रॉटलच्या काठीला लागतो आणि नाक वाळूत असताना मोटार सुरू होते, हे मी स्वतः केलंय, एकदा नाही.

वार्निशबद्दल माझ्या धंद्याचा अधिकार वापरून ‘नाही’ म्हणतो. विहिरीच्या मोटारीला आम्ही वार्निशमध्ये बुडवून भट्टीत भाजायचो, तिथे फटही तशी मोठी असते. इथे जाड थर दिलात तर तो दातांच्या तोंडावर चढेल आणि चुंबक त्यालाच घासेल. बेअरिंगमध्ये उतरला तर विचारूच नका. तारांची जी वळणं दाताच्या वर-खाली दिसतात, तिथे बारीक कुंचल्याने पातळ हात फिरवा हवं तर. त्यापलीकडे नाही.

एक चीज मात्र बोअरच्या पंपाकडून उसनी घेण्यासारखी आहे. पाणबुडी मोटारीच्या शाफ्टवर रबराची एक टोपी असते, तिला सँड गार्ड म्हणतात. शाफ्टबरोबर फिरते आणि सीलकडे येणारी वाळू बाहेर भिरकावते. मी जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून पुढच्या बेअरिंगपेक्षा जरा मोठी चकती कापली, मधे शाफ्टच्या मापाचं भोक, आणि पंख्यामागे अडकवली. चकती गोल नसली तर थरथर येते, तिसऱ्या खेपेला नीट जमली. पुढचं बेअरिंग त्या मोटारीत तीन हंगाम टिकलं. मागच्याला काही उपयोग नाही.

प्रश्न : मोटार करकर करते. गंजलेल्या नट-बोल्टवर मारायचा स्प्रे मारला तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मारल्यावर दोन दिवस छान चालेल. तो स्प्रे बेअरिंगमधलं ग्रीस धुवून नेतो, वाटेत लागलेली घाण आत नेऊन ठेवतो आणि स्वतः उडून जातो. तिसऱ्या दिवशी मला पुन्हा पत्र लिहाल. वर विट्याच्या ताईंना सांगितलेलं शिलाई मशीनचं तेल वापरा, तेही आधी वाळू काढून.

प्रश्न : सप्टेंबरच्या अंकात आपण लिहिले होते की २२१२ मोटारीस ६९३ क्रमांकाचे बेअरिंग बसते. त्यावर विसंबून मी दोन बेअरिंगे आणली. शाफ्ट त्यांत शिरतच नाही. आपण लिहिण्यापूर्वी स्वतः बसवून पाहिले होते काय?
— एक निवृत्त शिक्षक, जळगाव

उत्तर : गुरुजी, नव्हतं पाहिलं. कान पकडतो.

झालं असं, की माझ्या हातात तेव्हा ३ मिलिमीटर शाफ्टची दुसरी मोटार होती, तिला ६९३ बसतं, आणि मी त्याच भरात २२१२ लिहून गेलो. २२१२ हा आकडा आतल्या दातांच्या चक्राचा आहे, व्यास २२ मिलिमीटर, उंची १२. शाफ्टचा त्यात काही पत्ता नसतो. आणि आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या २२१२ चा शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एक अष्टमांश इंच. ६९३ चं भोक बरोबर ३. सतरा शतांशांसाठी तुमचे पैसे गेले. यातली आणखी शरमेची गोष्ट म्हणजे, पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतः हेच ६९३ विकत आणून शाफ्टवर हातोडीने बसवायचा प्रयत्न केला होता. शाफ्ट वाकला.

यापुढे मापाने चला, क्रमांकाने नको. जुनं बेअरिंग काढा, व्हर्नियरने भोक, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा आणि ते जुनंच दुकानात घेऊन जा. भोक इंची मापाचं निघालं तर ‘इंची द्या’ असं स्पष्ट म्हणा. काउंटरवरचा मुलगा सवयीने मिलिमीटरचं काढतो. दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असलेल्या बेअरिंगाच्या क्रमांकापुढे झेडझेड असतं, रबराची असतील तर टूआरएस. रबरी झाकण वाळूला जास्त चांगलं अडवतं, फिरायला किंचित जड. माळरानावर उडवणाऱ्याने रबरी घ्यावं असं माझं मत.

काढताना ॲल्युमिनियमचा गाभा हेअर ड्रायरने अर्धा-एक मिनिट कोमट करा, वाटी आणि चुंबकं बाजूला ठेवून. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुलतं, बेअरिंग सुटं होतं. नवं बसवताना दाब बाहेरच्या कड्यावरच द्या, त्या मापाचा पान्ह्याचा सॉकेट टेकवून. आतल्या कड्यावर ठोकलंत तर गोळ्यांचे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून जुन्यासारखं बोलतं.

तुमची ती दोन ६९३ मला पाठवून द्या, माझ्या मोटारीला लागतील. पैसे देतो.

प्रश्न : मी समुद्रावर गेलोच नाही. गावाबाहेरच्या गवताच्या मैदानावर उडवतो, विमान कधी नाकावर पडलेलं नाही. तरी मोटार उघडली तर आत काळी लव. कुठून आली?
— एक फॅब्रिकेशनवाले, इचलकरंजी

उत्तर : तुमच्या पत्राखालच्या सहीतच उत्तर आहे साहेब. विमान ठेवता कुठे? वर्कशॉपमध्ये ना, भिंतीला टांगून? ग्राइंडरचा कीस हवेत तरंगतो आणि खोलीभर चुंबक शोधत फिरतो. लोखंडाचा कीस वाळूपेक्षा वाईट, कारण तो वीज वाहतो. मुलामा खरवडलेल्या दोन तारांमध्ये तो पूल बांधतो.

गवताच्या मैदानाचीही खात्री देऊ नका. आपल्या भागातली माती काळ्या दगडाचीच. एखादं चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि मैदानातल्या उघड्या जागेवरून चार पावलं फिरवा. पिशवीबाहेर काळ्या मिशा उगवतील. पिशवी उलटी करून चुंबक काढलं की मिशा खाली पडतात, म्हणून पिशवी. आमच्या माळावर मुरूम टाकलेल्या पट्ट्यात सर्वांत जास्त मिशा निघाल्या, तेव्हापासून मी विमान गवतावरच टेकवतो.

घरी आणि गाडीत नेताना नाकावर जुना सुती मोजा चढवा, पंख्याच्या मुळापर्यंत. धुतलेला.

जाता जाता : रत्नागिरीच्या विद्यार्थ्याला मी अंक छापायला जायच्या आधीच फोन केला होता. बॅटरी लावली होती का, विचारलं. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, “दोनदाच.” मी सांगितल्याप्रमाणे त्याने मोटार उघडली आहे. फोटो पाठवलाय. एका चुंबकावर नखाएवढा ओरखडा, तारा मात्र साबूत, वायरी सुट्या ठेवून मोटार मोकळी फिरते. खराब झालंय ते पुढचं बेअरिंग. तो म्हणाला, “काका, काळजी नको, दुकानदाराने लगेच दिलं. ६९३.”